बाळाच्या हृदयात दोष असताना वारेचं इमेजिंग: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

गर्भातल्या बाळाच्या हृदयात दोष सापडला की सगळ्यांची नजर हृदयावर खिळते आणि रिपोर्टात वारेच्या वाट्याला एकच ओळ येते: 'पोस्टेरियर, ग्रेड टू', म्हणजे वार मागच्या भिंतीला आणि मध्यम पक्व. एवढ्यावर भागत नाही. हृदय आणि वार पहिल्या तिमाहीत एकाच सुमाराला घडतात, आणि त्यांना घडवणारी बरीच जनुकंही सामायिक असतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, एखादं जनुक बंद पाडल्यामुळे गर्भातच दगावणाऱ्या उंदरांचे 103 वाण तपासले गेले. गर्भावस्थेच्या मध्यात किंवा त्यानंतर दगावणाऱ्या वाणांपैकी 68 टक्क्यांत वारेची रचना बिघडलेली होती, आणि वारेतला बिघाड हृदय, मेंदू आणि रक्तवाहिन्यांच्या दोषांसोबत दिसत होता.

दुसरं कारण साध्या प्लंबिंगचं. बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या रक्तातला मोठा वाटा, शेवटच्या महिन्यांतही साधारण पाचवा ते चौथा हिस्सा, नाळेतून वारेकडे जातो. पंप बिघडला की वारेला मिळणारं रक्त बदलतं, आणि वार कमजोर असली की पंपावरचा भार वाढतो. त्यामुळे अशा गरोदरपणात वारेचा कोणताही आकडा सुटा वाचता येत नाही. समोरचं हृदय कसं आहे, आठवडा कोणता, आई कोणत्या कुशीवर होती आणि त्या क्षणी गर्भाशय आवळलेलं होतं का, हे सोबत लिहिलेलं नसेल तर तो आकडा कुणाच्याच कामाचा नाही.

प्रोब हातात घेण्याआधी

गरोदरपणाचा आठवडा पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून, म्हणजे बाळाच्या डोकं-ते-ढुंगण लांबीवरून, पक्का करून घ्या. वारेची जवळजवळ सगळी मापं आठवड्यागणिक बदलतात. तारीख दोन आठवड्यांनी चुकली तर निरोगी वार आजारी दिसते, आजारी वार निरोगी दिसते.

मग हृदयाचा नेमका दोष नोंदवा. नुसतं 'सीएचडी' (जन्मजात हृदयदोष) लिहू नका. वारेच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असा की नाळेतून आलेलं ऑक्सिजनयुक्त रक्त शेवटी कुठे पोचतं. निरोगी बाळात ते डक्टस व्हिनोसस या यकृताजवळच्या आडवाटेच्या शिरेतून, फोरामेन ओव्हेल या हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या छिद्रामार्गे डाव्या बाजूला जातं आणि तिथून मेंदूकडे. मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल असेल, म्हणजे टीजीए, तर तेच चांगलं रक्त फुफ्फुसाच्या धमनीत शिरतं आणि मेंदूला कमी ऑक्सिजनचं रक्त मिळतं. डावी बाजू खुरटलेली असेल, म्हणजे एचएलएचएस, तर मेंदूला डक्टस आर्टेरिओसस, म्हणजे फुफ्फुसाची धमनी आणि महाधमनी जोडणारी वाहिनी (पुढे नुसतं 'डक्टस'), हिच्यामार्गे महाधमनीच्या कमानीतून उलट दिशेने रक्त जातं. हे दोन गट आणि उजव्या बाजूच्या अडथळ्याचा गट एकाच खान्यात टाकले तर नंतर कितीही संख्याशास्त्र लावलं तरी काही हाती लागत नाही.

आईची माहितीही तितकीच लागते: मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, तंबाखू-मिश्री आणि हिमोग्लोबिन. मधुमेहात बाळाच्या हृदयदोषाचं प्रमाणही वाढतं आणि वारही बदलते, त्यामुळे दोन्हींचा गुंता होतो. हिमोग्लोबिनकडे आपल्याकडे खास लक्ष द्यायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. एमआरआयचा ऑक्सिजन-संवेदी सिग्नल हिमोग्लोबिनवरच उभा असतो. परदेशी आलेखावर आपल्या पेशंटचा बिंदू ठेवताना आईचं एचबी आठ आहे की बारा, हे ठाऊक हवंच. तपासणी शक्यतो त्याच आठवड्यातली असावी.

गुणसूत्रांची तपासणी झाली असेल तर निकाल वेगळ्या रकान्यात लिहा. 21 किंवा 18 च्या ट्रायसोमीत, म्हणजे त्या क्रमांकाचं गुणसूत्र एक जादा असताना, वार स्वतःच वेगळी असते. तो बदल हृदयाच्या माथी मारू नका. ही मापं संशोधनासाठी घेत असाल तर जुळी गरोदरपणं पहिल्या अभ्यासात घेऊच नयेत.

आणि कायदा. भारतात गर्भलिंगनिदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा, 1994 चा आणि 2003 ची दुरुस्ती झालेला, फक्त सोनोग्राफीपुरता नाही. त्यात 'इमेजिंग मशीन' आणि 'स्कॅनर' हे शब्दही आहेत. संशोधनाचा स्कॅन म्हणून फॉर्म एफ, म्हणजे गरोदर स्त्रीच्या तपासणीची नोंद, टळत नाही, आणि अर्धवट भरलेला फॉर्म हासुद्धा उल्लंघनच मानला जातो. नोंदी किमान दोन वर्षं ठेवायच्या. एमआरआयच्या टी-टू (पाणी उजळ दाखवणाऱ्या) चित्रात बाळाचं लिंग दिसू शकतं. म्हणून दुसऱ्या केंद्राला फाइल पाठवण्यापूर्वी वारेभोवतीचा भागच कापून पाठवायची सवय लावा. पेशंटचं नाव पुसलं की काम झालं असं समजणारे इथे हमखास फसतात.

सोनोग्राफी: आधी आकार, मग प्रवाह

18 ते 22 आठवड्यांत एक, 28 ते 30 च्या दरम्यान दुसरा आणि 34-36 ला तिसरा, असे तीन स्कॅन पुरेसे होतात.

सुरुवात नाळ वारेत कुठे शिरते तिथून करा. कलर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी पद्धत) लावा, वेगाचा स्केल कमी ठेवा आणि नाळेचा माग काढत वारेपर्यंत या. नाळ कडेपासून दोन सेंटिमीटरच्या आत शिरत असेल तर ती मार्जिनल. वारेत न शिरता पडद्यात शिरून रक्तवाहिन्या उघड्या पसरत असतील तर व्हेलामेंटस. एकेरी गरोदरपणात व्हेलामेंटस साधारण शंभरात एक सापडते, पण हृदयदोषाच्या गटात नाळेचे असे दोष जास्त दिसतात. वार मागच्या भिंतीला असेल तर तिसऱ्या तिमाहीत बाळाची सावली पडून हे दिसतच नाही. म्हणून ही नोंद 20 आठवड्यांच्या स्कॅनमध्येच उरकून घ्या. नाळेत धमन्या दोन की एक, हे मूत्राशयाच्या दोन्ही बाजूंना कलर लावून पाहा. एकच असेल तर ती रुंद असते आणि तिचा पीआय (पल्सॅटिलिटी इंडेक्स; पुढचा अडथळा वाढला की सहसा हाही वाढतो) मुळातच कमी येतो.

जाडी वारेच्या मध्याजवळ, पृष्ठभागाला काटकोनात मोजा. गर्भाशयाचा स्नायू आणि वारेमागच्या शिरा त्यात धरू नका. ढोबळ हिशेब असा की जितके आठवडे तितके मिलिमीटर; चार सेंटिमीटरच्या पुढे गेली की जाड. पण जाड म्हणजे धष्टपुष्ट नव्हे. बाळाचं हृदय थकून अंगावर पाणी चढलं असेल तर वारही सुजते.

आता डॉप्लर. नाळेच्या धमनीचा पीआय घेताना नाळेचा मोकळा तरंगणारा भाग निवडा. बाळाच्या पोटाजवळ पीआय जास्त येतो, वारेजवळ कमी, त्यामुळे जागा दर वेळी तीच हवी. कोन 30 अंशांच्या आत, वॉल फिल्टर 60 हर्ट्झच्या आसपास किंवा खाली. फिल्टर 150 वर राहिला तर डायस्टोलचा, म्हणजे हृदय सैलावतानाचा, हळू प्रवाह कापला जातो आणि वार ठीक असताना 'एंड-डायस्टोलिक फ्लो नाही' असा रिपोर्ट जातो. नवख्यांची ही सगळ्यात महागडी चूक. बाळ श्वासाच्या हालचाली करत असेल तर थांबा. एकसारख्या किमान तीन लहरी मिळाल्याशिवाय आकडा घेऊ नका. आईच्या गर्भाशय-धमनीसाठी बाह्य इलियाक धमनीला ओलांडल्यावर साधारण एक सेंटिमीटर पुढे नमुना घ्या आणि दोन्ही बाजूंची सरासरी काढा.

इथवर सगळं नेहमीसारखंच. हृदयदोषात अडचण पुढे येते, कारण इतर गरोदरपणांत पीआयचा जो अर्थ लागतो तो इथे लागतोच असं नाही.

नाळेच्या धमनीत डायस्टोलमध्ये रक्त उलट फिरताना दिसलं की आपण वारेचा अडथळा वाढला असं म्हणतो. पण बाळाला एब्स्टाइन (हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेचा जन्मजात दोष) असेल, फुफ्फुसाची झडप गळत असेल आणि डक्टस उघडा असेल, तर डायस्टोलमध्ये रक्त महाधमनीतून डक्टसमार्गे मागे, गळक्या झडपेतून उजव्या कप्प्यात ओढलं जातं. ही चोरी नाळेपर्यंत पोचते. वार निर्दोष असूनही लहर भयानक दिसते. पूर्ण हार्ट ब्लॉकमध्ये (वरच्या कप्प्यांचा विद्युत-इशारा खालच्यांपर्यंत पोचत नाही तेव्हा) ठोके मिनिटाला 55 वर आले तर दोन ठोक्यांमधलं अंतर लांबतं, डायस्टोलच्या शेवटी वेग आपोआप खाली येतो आणि पीआय फुगतो. म्हणून पीआयशेजारी त्या क्षणाचे ठोके आणि झडपांची गळती लिहिणं सक्तीचं ठेवा.

मेंदूच्या धमनीचंही तसंच. एचएलएचएस आणि टीजीएमध्ये मेंदूकडे ऑक्सिजन कमी पोचतो, तिथल्या वाहिन्या सैलावतात आणि एमसीए (मेंदूची मधली धमनी) पीआय उतरतो. मग मेंदू-नाळ गुणोत्तर, ज्याला सगळे सीपीआर म्हणतात, तेही उतरतं. ते पाहून 'वार अपुरी' लिहिणं चूक आहे. सीपीआर कमी आणि नाळेचा पीआय आठवड्याच्या मानाने नेहमीचा, असं चित्र असेल तर बोट आधी हृदयाकडे दाखवा. नाळेचा पीआयही वर, गर्भाशय-धमन्यांचाही वर आणि बाळ लहान, तेव्हा वारेवर संशय घ्यायला आधार मिळतो.

नाळेच्या शिरेतला प्रवाह हे माप फारसं कुणी घेत नाही, पण वारेकडून बाळाला खरोखर किती रक्त मिळतं ते यातूनच कळतं. शिरेचा सरळ भाग शोधा. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत व्यास घ्या, किरण शिरेला काटकोनात ठेवून. मग त्याच जागी, पण कोन 30 अंशांखाली आणून, सर्वाधिक वेग घ्या. सरासरी वेग म्हणून त्याचा निम्मा धरतात. समजा व्यास 6 मिमी, म्हणजे क्षेत्रफळ 0.283 चौ. सेंमी. सर्वाधिक वेग सेकंदाला 18 सेंमी, सरासरी 9. गुणाकार करून 60 ने गुणलं की मिनिटाला सुमारे 153 मिली. बाळाचं अंदाजे वजन 1.4 किलो असेल तर किलोमागे 109 मिली, म्हणजे ठीक. आता कॅलिपर जरा बाहेर पडून व्यास 6.5 मिमी घेतला गेला, तर तोच प्रवाह 179 मिली होतो आणि किलोमागे 128. अर्ध्या मिलिमीटरने 17 टक्के फरक! म्हणून चित्र शक्य तितकं मोठं करा, व्यास तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. एकाच मापावर कधीही विसंबू नका.

थ्रीडी पॉवर डॉप्लरमधून निघणारे व्हीआय, एफआय, व्हीएफआय हे वाहिन्यांचे आणि प्रवाहाचे निर्देशांक आकर्षक असतात. ते गेनवर, खोलीवर आणि आईच्या पोटाच्या जाडीवर इतके हलतात की पुढची वार आणि मागची वार यांची तुलना जवळजवळ निरर्थक ठरते. करायचंच असेल तर सेटिंग एकदा गोठवा, खोली नोंदवा आणि त्याच आईची आधीची-नंतरची तुलना करा.

एमआरआय

दीड टेस्लाचं यंत्र (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) सुरुवातीला बरं. तीन टेस्लावर सिग्नल जास्त मिळतो, पण आतड्यातल्या वायूजवळ चित्र वाकडं होतं. गॅडोलिनियम, म्हणजे शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट, वापरायचं नाही. ते वार ओलांडून बाळाकडे जातं, म्हणून संशोधनासाठी ते वापरणं वर्ज्य समजा. एकूण वेळ 45 मिनिटांच्या आत बसवा आणि मध्ये आईला उठून बसू द्या.

आईला डाव्या कुशीवर किंवा पाठीखाली उशी देऊन डावीकडे कलती झोपवा. उताणी झोपल्यावर गर्भाशय खालच्या महाशिरेवर दाब देतं, वारेतला ऑक्सिजन बदलतो आणि माप त्यासोबत हलतं. एका आईला उताणी, दुसरीला कुशीवर, असं चालणार नाही. कॉइल (सिग्नल पकडणारं आवरण) पोटावर आवळून बांधू नका.

पहिलं काम घनफळाचं. सिंगल-शॉट (एका झटक्यात घेतलेली) टी-टू चित्रं, स्लाइस 4 मिमी, मध्ये फट न ठेवता, पूर्ण वार कडेपासून कडेपर्यंत. मग आयटीके-स्नॅप किंवा थ्रीडी स्लायसर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्लाइसवर वारेची कड आखा. सगळ्या स्लाइसची क्षेत्रफळं मिळवून 0.4 सेंमीने गुणा. 42 स्लाइसची बेरीज 1150 चौ. सेंमी आली तर घनफळ 460 मिली. चुका होतात त्या वारेमागच्या स्नायूवर: दोन्हींचा राखाडी रंग जवळपास सारखा असतो आणि नवखा माणूस स्नायूही वारेत धरतो. दोघांनी एकमेकांचं न बघता पहिल्या दहा केसेस आखाव्यात आणि डाइस गुणांक (दोन आखण्या किती जुळतात त्याचं 0 ते 1 मधलं माप) काढावा. तो 0.85 च्या खाली असेल तर पुढे जाऊ नका, बसून कड कुठे धरायची ते आधी ठरवा.

दुसरं काम टी-टू-स्टार, म्हणजे एमआरआयचा सिग्नल किती वेळात विझतो त्याचं माप. तत्त्व साधं आहे: ऑक्सिजन सोडून आलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय असतं, ते आजूबाजूचा सिग्नल लवकर विझवतं. ऑक्सिजन कमी, तर टी-टू-स्टार कमी. दीड टेस्लावर गरोदरपणाच्या मध्याला निरोगी वारेत तो साधारण 100 मिलिसेकंदांच्या घरात असतो आणि दिवस भरत येतात तसा निम्म्यापर्यंत उतरतो. तीन टेस्लावर आकडे बरेच लहान येतात. म्हणून दोन यंत्रांचे आकडे एका आलेखावर टाकू नका. प्रत्येकाचा आठवड्यानुसार झेड-स्कोर (त्या आठवड्याच्या सरासरीपासून किती दूर, त्याचं माप) काढा.

सीक्वेन्सचे, म्हणजे सिग्नल घेण्याच्या पद्धतीचे, दोन प्रकार रुळलेले आहेत. एकात ग्रेडियंट एकोचे 16 एको (एको म्हणजे ठरावीक वेळी टिपलेला सिग्नल), 3 पासून साधारण 67 मिलिसेकंदांपर्यंत, एका श्वासरोधात, दोन-तीन स्लाइसपुरते. दुसऱ्यात मल्टी-एको ईपीआय (झटपट चित्र घेण्याची पद्धत), पूर्ण वारेवर, मिनिटभराच्या आत. नवख्यांनी दुसरा घ्यावा, कारण वार जागोजागी वेगळी असते आणि दोन स्लाइसमध्ये तिची गोष्ट कळत नाही. शिमचा (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करण्याचा) चौकोन वारेवर बसवा, सगळ्या पोटावर नको. टी-टू-स्टार काढायला या एकोंवर वक्र फिट करताना शेवटच्या एकोंकडे डोळे उघडे ठेवा. टी-टू-स्टार फार कमी असलेल्या वारेत उशिराच्या एकोला सिग्नल उरतच नाही, फक्त गोंगाट उरतो. तो फिटमध्ये घेतला की टी-टू-स्टार खोटाच वाढून दिसतो. म्हणजे सगळ्यात आजारी वारेचाच आकडा सगळ्यात जास्त सुधारून दिसतो.

गर्भाशयाचं आवळणं ही तितकीच मोठी अडचण. आईला ते जाणवतंच असं नाही. चित्रात गर्भाशयाची भिंत एका जागी जाडावलेली दिसते, वार आखडून जाड होते आणि टी-टू-स्टारच्या नकाशात एकदम काळवंडते. काही मिनिटांनी सगळं पूर्ववत. असं दिसलं तर पाच-दहा मिनिटं इतर चित्रं काढा आणि टी-टू-स्टार पुन्हा घ्या. दोन्ही फाइल ठेवा, पहिली खोडू नका. प्रत्येक स्कॅनमध्ये टी-टू-स्टार सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा घ्यायचा नियमच ठेवला तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

नुसती सरासरी पुरत नाही. हिस्टोग्राम आणि पसारा हवाच. 2017 मध्ये वॉशिंग्टनच्या गटाने व्हेलॉसिटी-सिलेक्टिव्ह एएसएल (कॉन्ट्रास्टशिवाय, रक्तालाच चुंबकीय खूण करून प्रवाह मोजणारी एमआरआय पद्धत) वापरून आईच्या बाजूचा रक्तपुरवठा मोजला. त्यात हृदयदोषाच्या गटात तो आठवड्यांबरोबर घटत गेला आणि वारेतल्या वारेत त्याची विषमताही जास्त निघाली. एएसएल स्वतः नाजूक असतं, सिग्नल अगदी थोडा. घनफळ आणि टी-टू-स्टारवर हात बसल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. आईला मास्कने ऑक्सिजन देऊन वारेचा प्रतिसाद पाहण्याचा प्रयोगही तसाच. आईला ऑक्सिजन दिला की बाळाच्या फुफ्फुसातला रक्तप्रवाह बदलतो आणि डक्टस आकुंचन पावण्याची शंका असते. डक्टसवर विसंबलेल्या बाळात हा प्रयोग फीटल कार्डिओलॉजिस्टशिवाय आणि एथिक्स कमिटीच्या स्पष्ट परवानगीशिवाय होता कामा नये.

बाळंतपणानंतर

सगळ्यात जास्त माहिती इथे हरवते. बाळ रात्री अडीचला जन्मतं, हृदयाचं म्हणून एनआयसीयूकडे धावपळ होते आणि वार पिवळ्या पिशवीत जाते. 34 आठवड्यांपासून केस पेपरच्या पहिल्या पानावर ठळक लिहा: 'वार जपून ठेवा'. लेबर रूममधल्या सिस्टरना झाकणाचा डबा आणि नंबर आधीच देऊन ठेवा.

वार ताजी असतानाच तोला, फॉर्मलिनने वजन बदलतं. नाळ आणि पडदे कापून मगच वजन घ्यायचं. नाळ कडेपासून किती दूर शिरली ते मोजा आणि तिथे दोरा बांधा, एमआरआयशी जुळवायला हीच एक खात्रीची खूण असते. पोटात वार कमानीसारखी वाकलेली असते, टेबलावर सपाट पडते, तेव्हा बाकीच्या खुणा सरकतात. दोन्ही बाजूंचे फोटो पट्टी ठेवून काढा.

ऊतींचे नमुने 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲम्स्टरडॅम सहमतीप्रमाणे घ्या: नाळ आणि पडद्यांची गुंडाळी एका ब्लॉकमध्ये, आणि वरवर निरोगी दिसणाऱ्या भागातून पूर्ण जाडीचे तीन ब्लॉक, त्यांतला एक नाळेच्या जवळचा. टी-टू-स्टारच्या नकाशात काळी दिसलेली जागा असेल तर तिथला एक जादा.

रक्तवाहिन्यांचं झाड पाहायला मायक्रो-सीटी (अतिबारीक तपशिलाचं सीटी स्कॅन) करायचं असेल तर आधी हेपरिनयुक्त सलाइनने रक्त धुऊन काढा, शिरेतून स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग धमनीतून कॉन्ट्रास्टचं रेझिन हळूहळू भरा. वारेच्या पृष्ठभागावर धमन्या शिरांच्या वरून जातात, त्यावरून दोन्ही ओळखता येतात. नाळेजवळ दोन्ही धमन्यांना जोडणारी वाहिनी बहुतेकदा असते, म्हणून एकीतून भरलं तरी दुसरीकडे जातं. जाताना दिसलं नाही तर दोन्हींत नळी घाला. गुठळी राहिली किंवा हवेचा बुडबुडा शिरला की त्यापुढची फांदी रिकामी राहते आणि सीटीत तिथे वाहिन्याच नाहीत असं वाटतं. रिकाम्या जागेचा ब्लॉक कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय 'वाहिन्या विरळ' असं लिहू नका.

रिपोर्टमध्ये नाळेची जागा, जाडी आणि डॉप्लर जातील. टी-टू-स्टार आणि एएसएल संशोधनाच्या वहीत राहतील, आईच्या फाइलमध्ये नाही. त्या आकड्यावरून आज कुणाची प्रसूती लवकर करायची किंवा लांबवायची हे ठरत नाही, आणि फाइलमध्ये लाल रंगात छापलेला आकडा घेऊन घरचे चार डॉक्टरांकडे फिरतात.